आकडा किती झाला?

३ मार्च, रविवार

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "अहो, तुमचा राग यात ओता. माझ्या आणि भांड्यांच्या वाट्याला थोडा कमी येईल." कारखान्यातही मला 'कुकर' म्हणतात. म्हणोत बापडे. आज रागवण्यासारखं काही नाही, तेव्हा पहिलं पान चांगल्या बातमीने भरतो.

आज आईच्या खोलीत खाट बसवली. चार महिन्यांचे सगळे रविवार यात गेले. पाइपची चौकट, तिच्यात दाराच्या झडपांसारख्या दोन फळ्या. हँडल फिरवलं की एक फळी हळूहळू वर येते आणि झोपलेलं माणूस आपोआप कुशीवर वळतं. उलटं फिरवलं की दुसरी फळी. गिअर काज करायच्या भंगार मशीनचा, आमच्याच शिलाई कारखान्यातला. काउंटर भरतकामाच्या मशीनचा. वीस फेरे म्हणजे एक कूस, की काउंटरचा आकडा एकने पुढे. काउंटर हँडलच्या दांड्यावरच बसवला, म्हणजे वाकायला न लागता वाचता येतो. गिअर आणि दांडा यांना धरून ठेवणारी पिन मी स्वतः कानशीने घासून केली, करंगळीच्या पेराएवढी. ती काढली की हँडल नुसतंच फिरतं, खाट जागची हलत नाही. पुसताना-धुताना सोयीचं. ताईला दाखवून ठेवलं.

आईला झटका येऊन दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. ताईने शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि तेव्हापासून हाताने ओढाताण करतेय. आता नको करायला.

पहिली कूस मी स्वतः फिरवली. आईचा डावा हात पाइपवर असा घट्ट बसला की नंतर बोटं सोडवायला ताई लागली. एवढा उत्साह! मी विचारलं, "मस्त आहे ना, आई?" ती म्हणाली, "हो! हो हो हो!" झटक्यानंतर तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरलाय हे मला कळतं, पण ज्या जोरात म्हणाली त्यावरून माणसाला अंदाज येतोच.

ताई मात्र गप्प. चार महिन्यांच्या कष्टांवर एक 'छान' म्हणायला हिच्या जिभेला काय होतं? घ्या, पहिल्याच पानावर आला राग.

४ मार्च, सोमवार

संध्याकाळी ताईला फोन केला. "आकडा किती झाला?"

ती म्हणाली, "थांब, बघून सांगते." बराच वेळ थांबलो. "आठ."

म्हटलं, आठ कसे? रात्रीच्या एकदोन सोडल्या तरी दिवसाला दहा हवेत. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

५ मार्च, मंगळवार

आकडा एकोणीस. लागली शिस्त.

१० मार्च, रविवार

आईकडे गेलो. खाट चालवून बघणार तेवढ्यात ताई म्हणाली, "आत्ताच फिरवलंय. आता दोन तास नको." बसलो, चहा घेतला. काउंटरवर एकोणसत्तर. आईच्या पाठीवर साधा लालसर डागसुद्धा नाही. मी डॉक्टरांसाठी फोटो काढला.

दोन गोष्टी डोक्यात गेल्या. एक, ताईने मनगटाला पट्टी बांधली होती. काय झालं विचारलं तर "काही नाही, उसण." यंत्र दिलं तरी हिचे हात दुखतातच. दुसरी, माझ्या खाटेवर तिच्या त्या तीन उश्या. जुन्या चादरींच्या, आत धान्याचं तूस भरलेलं, पाचरीसारख्या तिरक्या. इतक्या सुबक यंत्रावर ती गाठोडी! म्हटलं, काढ त्या. म्हणाली, "असू देत. आईला सवय आहे."

२७ मार्च, बुधवार

दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये टीव्हीवर जाहिरात लागली. 'घरचं डोकं'. घरात बनवलेल्या यंत्रांची स्पर्धा. जिंकलेलं यंत्र एक कंपनी बनवणार आणि इस्पितळांपर्यंत, घरांपर्यंत पोचवणार. बटण लावणाऱ्या बायका एका सुरात ओरडल्या, "कुकर, नाव दे!"

देणार तर आहेच. नऊ वर्षांपूर्वी मी ओव्हरलॉक मशीनला दोरा आपोआप कापायची पाती लावली होती. सगळ्या लाइनवर बसली. मालक पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा आमचे साहेब पातीशेजारी उभं राहून म्हणाले, "आम्ही हे डेव्हलप केलं." फोटोत साहेब, पाती, मालक. मी कुठे होतो? फोटोत साहेबांच्या मागे एक कोपर दिसतं, ते माझं. तो फोटो अजून ऑफिसात आहे. रोज सकाळी हजेरी लावताना दिसतो आणि रोज सकाळी माझी तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याने हात काळे केले त्याचं नाव नाही आणि जो शेजारी उभा राहिला त्याचं होतं, याच्याइतकी हलकट गोष्ट दुसरी नाही.

या वेळी माझं नाव लागणार. अर्ज भरला. 'मदतनीस' असा रकाना होता, तिथे रेघ मारली.

९ एप्रिल, मंगळवार

निवड झाली! चॅनेलच्या पोरीचा फोन आला. वयाने माझ्या मुलीएवढी असेल, बोलते मात्र भराभर. "सर, तुमची स्टोरी आम्हाला खूप आवडली. आई आणि मुलगा. फक्त इमोशन जरा वाढवू या."

मी म्हटलं, "बाई, हे वर्म गिअरचं यंत्र आहे."

"हो सर, गिअर पण दाखवू."

२१ एप्रिल, रविवार

आज चॅनेलवाले आईकडे शूटिंग करून गेले. राग अजून उतरलेला नाही, पण लिहितोच.

सकाळी लवकर जाऊन मी खोली आवरली. त्या उश्या माळ्यावर फेकल्या. ताई म्हणाली, "संध्याकाळी मला परत काढून दे, माझा हात पोचत नाही." हो म्हटलं. तेवढ्यात ती पुसण्याच्या निमित्ताने खाटेखाली शिरली आणि दहा मिनिटं तिथेच. पाहुणे दारात आणि ही खाटेखाली.

कॅमेरा लागला, दिवे लागले, मी हँडलला हात घातला आणि ताई आडवी आली. "आईला नको. ताप आहे तिला. मी झोपते." कसला ताप! मी कपाळाला हात लावून बघितला, गार होतं. पण सगळ्यांसमोर काय बोलणार? आईला खुर्चीत बसवलं आणि ही बया माझ्या खाटेवर आडवी झाली. खाट लोण्यासारखी चालली. पोरगी टाळ्या वाजवत म्हणाली, "वाव!" पण माझ्या यंत्रावर माझी आई दिसायला हवी होती आणि दिसली ताई. दोन वर्षं घरात बसून हिला कॅमेऱ्याची हौस आली असणार. फोटोत शेजारी उभे राहणारे मी पुष्कळ पाहिलेत, सख्खी बहीण त्यात निघेल असं वाटलं नव्हतं.

हे तिला तोंडावर बोललो. ती खाटेवरून उतरली, आईची बाही नीट केली आणि म्हणाली, "चहा ठेवू का सगळ्यांना?"

उश्या माळ्यावरच राहिल्या. मी रागात तसाच निघून आलो.

२२ एप्रिल, सोमवार

आकडा चारशे सत्याण्णव. ताई फोनवर म्हणाली, "शेजारच्या घरून शिडी आणून उश्या काढल्या." मी विचारलंच नव्हतं.

१२ मे, रविवार

पहिली फेरी. स्टुडिओ म्हणजे गोदामासारखी इमारत, आत गारठा, मागे लाकडी पट्ट्या आणि समोर नुसता झगमगाट. माझी दुसरी खाट, हुबेहूब तशीच बनवलेली, स्टेजवर. तिच्यावर एक दिवेवाला झोपला. अर्ध्या मिनिटात कुशीवर. टाळ्या.

माझ्या आधी लसूण सोलायचं यंत्र घेऊन आलेला एक गृहस्थ होता. डब्यात लसूण टाकायचा, पायाने भाता मारायचा, सालं उडून जातात. सगळा स्टुडिओ हसत होता, तोही हसत होता. असल्या खेळण्यांशी माझी बरोबरी.

परीक्षक तीन. एक प्राध्यापक, त्यांनी गिअरबद्दल विचारलं आणि मान डोलावली. एक नटी, तिने 'ऑ' केलं. तिसऱ्या निवृत्त मेट्रन बाई. या बाईने माझं डोकं फिरवलं.

"दुपारी जेवल्यावर आई कुठल्या कुशीवर झोपतात?"

"ज्या कुशीची पाळी असेल त्या."

"त्यांना कुठली आवडते?"

आवडण्याचा प्रश्न कुठून आला? म्हटलं, "बाई, काउंटरवर सातशे दोन आहेत. पाठीवर एक डाग नाही. फोटो बघा."

त्यांनी फोटो नीट बघितला. "पाठ उत्तम ठेवली आहे," म्हणाल्या. "आणि नको असेल तेव्हा त्या कसं सांगतात?"

"माझी आई कधी नको म्हणतच नाही."

यावर एवढ्या टाळ्या पडल्या की बाईंना पुढचं बोलताच आलं नाही. मग निवेदकाने मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लावला. आई ताईला टेकून बसलेली, ताईची बाही मुठीत. "आजी, लेकाचं यंत्र आवडलं का?" "हो! हो हो हो!" नटी रडली. निवेदकही रडला, दोनदा, कारण पहिल्यांदा कॅमेरा दुसरीकडे होता.

अंतिम फेरीत गेलो.

२० मे, सोमवार

काल प्रक्षेपण झालं. आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पेढ्याच्या आवाजात सांगितलं की मुलाखतीत कारखान्याचं नाव घे, शेवटी गिअर आमचाच होता. मी म्हटलं, "भंगारात होता, साहेब." दार जरा जोरात लागलं.

२६ मे, रविवार

चॅनेलला अंतिम फेरीत 'परिवार' हवाय. आई नाही तर ताई तरी. तीन दिवस, मुक्काम त्यांच्याकडे.

ताई म्हणाली, "मी नाही येणार."

"का?"

"आईला कोण वळवेल?"

मी म्हटलं, "यंत्र! यंत्र वळवेल! हँडल काय, कोणीही फिरवेल. मग मी बनवलं कशाला?"

ती काहीतरी बोलणार होती, तोंड उघडलंसुद्धा, पण माझा आवाज आधीच चढला होता. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. 'तुला माझं चांगलं बघवत नाही' एवढं नक्की बोललो. आई खाटेवरून "हो हो" करत होती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्यांना एकदा शांतपणे विचारा तरी." मी शांतच होतो.

१२ जून, बुधवार

काल ताई बादली उचलायला वाकली आणि तशीच अडकली. मणक्याची चकती सरकली. सहा आठवडे अंथरुणावर. ती बाहेरच्या खोलीत, आई आतल्या. मी रजा टाकून आज सकाळी पोचलो. रात्रभर माझी बायको होती, ती सांगू लागली, "ऐका, आईंना वळवताना—" मी म्हटलं, "माझंच यंत्र मला शिकवू नकोस." ती पिशवी उचलून निघून गेली.

अकरा वाजता हँडल फिरवलं. वीस फेरे. काउंटर टक्क करून एक हजार सातवर गेला. खाट हलली नाही.

परत फिरवलं. एक हजार आठ. खाट जागच्या जागी.

खाली शिरलो. पिन नव्हती! माझा तोल गेला. अंतिम फेरी अकरा दिवसांवर आणि पिन गायब! साहेबांचा माणूस येऊन गेला असेल? की तो लसूणवाला, हसून हसून गोड बोलणारा? शेजारपाजार ऐकेल एवढ्या आवाजात मी सगळ्यांचा उद्धार केला. बाहेरून ताई हाका मारत होती, "अरे, जरा इकडे ये." म्हटलं, "थांब! आधी हे बघू दे!" पिशवीत कानस आणि सळई असतेच. अर्ध्या तासात नवी पिन घासली, बसवली आणि हँडल फिरवलं.

पाचव्या फेऱ्याला आईचा डावा हात पाइपवर गेला. आठव्याला ती "हो" म्हणाली. दहाव्याला "हो हो हो हो". मी गिअरकडे बघत होतो, छान चालला होता. मग सहज वर बघितलं.

बोटं पांढरीफटक पडली होती. डोळे एवढे मोठे, त्यातून पाणी वाहत कानात चाललं होतं. आणि तोंडाने हो, हो, हो.

"खाली घे!" ताईचा आवाज दारातून आला. भिंतीला धरून, वाकलेली, कशीबशी उभी होती. "खाली घे तिला! पडतेय असं वाटतं रे तिला!"

मी फळी खाली घेतली. ताई तशीच सरकत आली आणि आईच्या मुठीवर हात ठेवून बसली. बराच वेळ ती मूठ सुटली नाही.

"पिन माझ्याकडे आहे," ताई म्हणाली. "आईच्या गोळ्यांच्या डबीत."

"कधी काढलीस?"

"तू बसवून गेलास त्याच संध्याकाळी. शूटिंगच्या दिवशी तेवढी घातली होती."

"आणि काउंटर?"

"फिरवत होते की."

"रिकामं?"

"तू रोज विचारायचास."

मी ओरडलो. माणसाने ओरडू नये अशा वेळी मी ओरडतो. सांगितलं का नाहीस, मला मूर्ख बनवलंस, सगळ्या जगासमोर तोंडघशी पाडलंस. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चार महिने खपला होतास. वाटलं, एकदोन दिवसांनी सांगू. पण तुला सांगायचं म्हणजे आधी तुझा राग झेलायचा, मग तू समजावणार की तिला सवय होईल. आईला वळवून, धुऊन-पुसून झाल्यावर माझ्यात तेवढी ताकद उरत नव्हती रे. हँडल फिरवणं सोपं होतं."

संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. एक हजार सहा गुणिले वीस. वीस हजार एकशे वीस फेरे, माझे मोजके सोडले तर सगळे रिकामे. आधी हाताने आईला वळवायचं आणि मग त्या दुखऱ्या मनगटाने माझ्यासाठी हे.

काउंटर हँडलला लावला होता. खाटेला लावायला हवा होता. काल कामावर आलेलासुद्धा ही चूक करणार नाही.

१३ जून, गुरुवार

आईला हाताने वळवलं, ताई सांगेल तसं. नऊ वेळा. कंबर गेली.

१६ जून, रविवार

ताई अंथरुणातून शिकवते. शिक्षक म्हणून ती माझ्यापेक्षा जास्त रागीट निघाली. "ओढू नको, गोणी आहे का ती? आधी सांग तिला, कुठे वळायचंय ते. मग थांब. हाताकडे बघ."

आईचं तोंड सगळ्याला हो म्हणतं, ताई म्हणाली, पण खरं ती डाव्या हाताने बोलते. काही घट्ट धरलं की नको. हात उघडा असला की चालेल. हे घरी येणाऱ्या नर्सला ठाऊक होतं. दूधवाल्याला ठाऊक होतं. माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक होतं! पहिल्या रविवारी पाइप धरलेला तो हात आठवला. मी या वहीत 'उत्साह' लिहिलंय. पान फाडणार होतो, बायको म्हणाली, राहू द्या.

जेवल्यावर आईला खिडकीकडची कूस आवडते. रस्ता दिसतो. मेट्रन बाईंना हेच हवं होतं.

अंतिम फेरीला जाणार नाही म्हटलं, तर ताई म्हणाली, "जा. पण खाट नको नेऊस. या ने." आणि उश्यांकडे बोट केलं. या तीन उश्यांनी दोन वर्षं आईची पाठ राखली. मी त्या माळ्यावर फेकल्या होत्या.

२३ जून, रविवार

आई बायकोकडे सोपवून गेलो. स्टेजवर खाट होती, ती चॅनेलवाल्यांनी आधीच नेली होती. मी उश्या घेऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पिन, काउंटर, वीस हजार फेरे. म्हटलं, हे यंत्र स्पर्धेतून काढा. खरं डोकं माझ्या बहिणीचं आहे, ते हे. उशी कशी शिवायची, तूस किती भरायचं, कुठली कुठे लावायची, हातात हात घेऊन कसं विचारायचं, सगळं. मेट्रन बाई पुढे येऊन दिवेवाल्याला वळवून दाखवू लागल्या, मी उश्या लावत होतो. सात मिनिटं. समोरच्या घड्याळात बघितलं मी. बोलताना माझा आवाज फुटला, तो मला फोडायचा नव्हता.

निवेदकाने मिठी मारली. अंधारातून दिग्दर्शक म्हणाले, "सर, फारच सुंदर. फक्त तो पिनवाला भाग परत एकदा, इकडे बघून."

त्यांना काय बोललो ते टीव्हीवर येणार नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये लसूणवाला थांबला होता. म्हटलं, आता हाही मिठी मारणार. त्याने खिशातून कागद-पेन्सिल काढली. "माझे वडील आठ महिने पडून आहेत. उशीची लांबी काय म्हणालात?" मी सांगितली, त्याने लिहून घेतली, परत वाचून दाखवली. या माणसावर मी चोरीचा आळ घेतला होता. सांगून टाकलं. तो पोट धरून हसला.

७ जुलै, रविवार

प्रक्षेपण. ताईच्या खोलीत टीव्ही लावला. ताई, बायको, मी आणि खुर्चीत आई.

सात मिनिटांतली चाळीस सेकंदं दाखवली. मी रडतोय, संथ व्हायोलिन, नटी डोळे पुसतेय. खाली अक्षरं: 'भावाचं वेडं प्रेम'. उश्या नाहीत. एकही नाही. मेट्रन बाई नाहीत. आईचा हात नाही. आणि ताई? ताई होती. एप्रिलच्या शूटिंगमधली, माझ्या खाटेवर आडवी. खाली लिहिलं होतं: 'यंत्रावर विसावलेली बहीण'.

विसावलेली! ज्या बाईने दोन वर्षं अंग टेकवलं नाही, तिला जगासमोर विसावलेली दाखवली! मी उठलो, रिमोट भिंतीवर गेला. या वेळी बायकोनेही तो उचलून परत एकदा फेकला असता.

मला 'सर्वांत हृदयस्पर्शी क्षण' म्हणून काचेचा एक थेंब मिळालाय. साहेबांचा अभिनंदनाचा फोन आला, घेतला नाही. लसूणवाला जिंकला. त्याचं बरं वाटलं. यंत्र खरंच चांगलं आहे.

ताई एवढंच म्हणाली, "माझे केस तरी नीट दाखवायचे होते."

मला हसू आलं नाही. कारण तो फोटो, ती पाती, ते कोपर. आज ते कोपर ताईचं होतं आणि फोटोत शेजारी उभा मी. चॅनेलने कापलं हे खरं. पण अर्जातल्या 'मदतनीस' रकान्यात रेघ मी मारली होती.

१४ जुलै, रविवार

चॅनेलला फोन करून करून थकलो. "एपिसोड लॉक झालाय, सर." मग म्हटलं, निदान या वहीत तरी लिहून ठेवतो. ताई पडल्या पडल्या सांगतेय, मी लिहितोय.

तीन उश्या. सुती चादर, चारदा धुतलेली, म्हणजे टोचत नाही. पहिली दीड हात लांब, पाचरीसारखी, एका कडेला चार बोटं जाड, दुसरीकडे मिटत जाणारी, ही पाठीमागे. दुसरी गुडघ्यांच्या मध्ये. तिसरी पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी राहायला हव्यात. तूस चाळून, उन्हात वाळवून, चारातले तीन हिस्से भरायचं. मी 'पूर्ण' लिहिलं होतं, ताईने खोडायला लावलं. पूर्ण भरलं तर दगड होतो. शिवण बाहेरच्या बाजूला. उश्यांची टोकं मी कारखान्यात दुहेरी टीप मारून घेतली, तेवढीच माझी भर. लुळ्या बाजूवर अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. आधी सांगायचं, मग थांबायचं, मग वळवायचं. बनवणारीचं नाव मी पानाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं. ताई म्हणाली, "पुरे, पुरे." पण दोनदा वाचून बघितलं तिने.

मेट्रन बाईंचा पत्ता मिळवलाय. या पानाची नक्कल उद्या त्यांना टाकतो. खाट खोलून ठेवली. काउंटर ताईने मागून घेतला, तिच्या उशाशी आहे. कशाला, विचारलं नाही.

तीन वाजले तसा वही ठेवून आत गेलो. "आई, आता खिडकीकडे." ती म्हणाली, "हो." मी थांबलो. एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि वळवली. पाठीमागे उशी, गुडघ्यांत उशी, टाचा अधांतरी. घाम पुसत होतो तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ताईने आवाज दिला.

"काय रे, आकडा किती झाला?"

मी आईकडे बघितलं.

"हात उघडा आहे," म्हटलं.